मोटरच्या आवाजातली पोकळी

वडील गेल्यानंतर त्यांच्या होडीची मोटर विकायचे ठरले. ती अडखळत चालत होती, म्हणून अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, इंदिरानगरच्या घरामागे ती पाण्याच्या पिंपात बसवली आणि दोर ओढला. पेट्रोल आणि शेवाळ यांचा ओला वास अंगणभर पसरला. आवाज तोच होता: एक ठोका, मग एक पोकळी. लहानपणी तळ्याकाठी अंधारून आले की त्या पोकळीवरूनच आम्ही वडिलांची होडी ओळखत असू.

आतून आईची हाक आली, "आले बघ ते. पानं घे."

वडील गेल्याचे आईला अलीकडे आठवत नाही.

अण्णाने रबरी हातमोजा घालून मोटरच्या दोन स्पार्क प्लगांपैकी एकाची टोपी उपसली. मोटर थांबली. टोपी परत बसवून त्याने मोटर चालू केली आणि दुसरी उपसली. आवाजात काहीच बदलले नाही.

"हा सिलिंडर आधीपासूनच मेलेला. प्लग बदलतो."

"स्वल्प थांब ना, अण्णा."

"अगं, उद्या माणूस न्यायला येतोय. ही खोकणारी म्हातारी कोण घेईल?"

नवा प्लग बसला, आणि मोटर सलग, गुळगुळीत घुमू लागली. आई दाराशी आली. चौकटीला हात टेकून तिने बराच वेळ कान दिला.

"ही दुसऱ्याच कुणाची होडी. त्यांना आज उशीर होतोय."

अण्णाने मोटर बंद केली. आई तशीच ऐकत उभी राहिली.