कांदा कुठून आला, असे विचारणाऱ्या वकीलबाई

ॲड. इंदुमतीबाई खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट चिंचवडला त्यांच्या घराच्या पडवीत झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला तीनदा गप्प बसवले. कामगारांच्या सभांतून मी आज तास तास बोलतो, मला कुणी आवरत नाही. म्हणून बाईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथात आधी हेच नोंदवतो, की मला गप्प बसायला शिकवणारी व्यक्ती एकच आणि ते शिक्षण अजून पुरे झालेले नाही.

माझ्यासोबत ज्ञानोबा होता. निघोज्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, आकुर्डीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. मी त्याच कारखान्यात, पिंपरीच्या बौद्ध वस्तीतला. दोघेही संध्याकाळच्या कॉलेजात इंटरला होतो. परीक्षेत आम्ही कॉपी केली, असा कॉलेजच्या चौकशी समितीचा निर्णय घेऊन आम्ही बाईंकडे गेलो होतो.

मी सुरुवात केली, "बाई, हा व्यवस्थेचा अन्याय आहे. शिकू पाहणाऱ्या कामगाराला..."

"अन्याय आहे का ते मग बघू. कागद आणलाय?"

"आणलाय, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी..."

"कागद."

त्यांनी तो दोनदा वाचला. ज्ञानोबाने माझ्या पेपरात पाहून लिहिले, मी ते लिहू दिले. त्याला दोन वर्षे परीक्षेस बंदी, मला एक. पुरावा एवढाच, की अर्थशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर दोघांनी शब्दन् शब्द सारखे लिहिले होते आणि त्यातली चूकही सारखीच होती. परीक्षेला ज्ञानोबा माझ्या मागच्याच बाकावर होता.

"बोलावून विचारलं तुम्हाला? उत्तरपत्रिका दाखवल्या?"

"न्हाई," ज्ञानोबा म्हणाला. "चिठ्ठीच आली थेट."

"हे बघा, हा तर गुलामगिरीचा..." मी म्हणालो.

"तुम्ही थांबा हो जरा. मी यांना विचारतेय."

हे तिसरे. कामगारांचे खटले चालवताना वर्षानुवर्षे त्यांची हीच रीत आहे. संतापलेल्याला आधी थांबवायचे आणि मुका असेल त्याला बोलते करायचे. पुढाऱ्यांना ती आवडत नाही. मलाही बरेच दिवस आवडली नव्हती.

आमच्या अभ्यासाची पद्धत इथे सांगितली पाहिजे, कारण सगळे प्रकरण तिच्यातूनच निघाले. पुस्तक एकच होते आणि दोघांची पाळीही एकच. म्हणून पहिली पाळी सुटली की आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात बसायचो. वंदनेला एक जण सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात, तसाच आमचा अभ्यास. मी पुस्तक हातात घेऊन सांगायचो, ज्ञानोबा मागून म्हणायचा. त्याच्या गावच्या भजनातही चाल तीच, एक जण चरण सांगणार आणि टाळकरी झेलणार. त्यामुळे त्याला एक ओळही दोनदा सांगावी लागत नसे.

आम्ही सांगितल्यावर बाईंना हे पटले. त्यांनी निर्णयाच्या कागदात उतरवलेले उत्तर पाहिले आणि विचारले, "यात चाकणच्या बाजारातला कांदा आहे. तो कुठून आला?"

"पुस्तकातनं," मी म्हणालो.

ते खोटे होते. मागणीचा नियम सांगतो, की वस्तूचा भाव वाढला म्हणजे मागणी घटते. पुस्तकात त्याला गव्हाचे उदाहरण होते, कोरडे, निर्जीव. मला विहारात बोलण्याची नशा चढायची. मी गहू काढून कांदा घातला: चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव चढला, की उद्या आणखी चढेल या धास्तीने लोक दुप्पट कांदा नेतात. वाक्य दणदणीत होते. फक्त ते नियमाचे उदाहरण नव्हते, अपवादाचे होते. ज्ञानोबाने ते पुस्तकाचेच म्हणून पाठ केले. ज्या वाक्याने त्याला चोर ठरवले, ते माझ्या जिभेचे होते.

याहून वाईट एक गोष्ट होती. कॉलेजातल्या एका वजनदार गृहस्थांनी मला खासगीत बोलावून सांगितले होते, "तू हुशार आहेस. त्याने तुझं बघून लिहिलं एवढं लिहून दे, तुझी सुटका करू." मी सही केली नाही. पण खरेही सांगितले नाही. शिष्यांना चुकीचे शिकवणारा गुरू म्हणून हसे होईल, ही भीती. भर सभेत मालकांना जाब विचारणारा मी, एका कांद्याला घाबरलो होतो. त्या दिवसांत मला घास गोड लागत नव्हता. ज्ञानोबाचे दुःख साधे होते. हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसात कारकुनाची जागा निघणार होती, इंटर झाला असता तर ती त्याला मिळणार होती. नाहीतर भट्टी होतीच.

आठवड्याने बाईंनी मला एकट्याला बोलावले. समोर तेच पाठ्यपुस्तक होते, कुठूनतरी मिळवलेले.

"यात गहू आहे," त्या म्हणाल्या. "मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कांदा कुठेही नाही."

मी सगळे सांगितले, सहीसाठी दाखवलेल्या आमिषासकट.

"सही केली असतीत तर या पायरीवर उभं केलं नसतं. पण तुम्ही माझ्याशीही खोटं बोललात. तुमच्या शब्दावर मी अर्ज लिहिला असता आणि समितीनं हे पुस्तक उघडलं असतं, तर तो मुलगा कायमचा बुडाला असता. विद्यापीठाच्या अपील समितीपुढे वकिलाला बोलता येत नाही. हे तिथं तुम्हीच सांगायचं. आणि त्याच्याआधी त्याला."

ज्ञानोबाला मी कंपनीच्या फाटकाबाहेर सांगितले. त्याने हातातला डबा खाली ठेवला.

"म्हंजे कांदा तुझा व्हय? मला वाटलं, पुस्तक लिवणाराच चाकणचा हाय." मग म्हणाला, "भावा, भाषण गेटावर करत जा. अभ्यासात नगं."

त्याच सुमारास बाई निघोज्याला गेल्या. ज्ञानोबाच्या वडिलांनी कोर्टकचेरीचे नाव ऐकून अंथरूण धरले होते. बाई एस.टी.ने उतरल्या आणि शेताच्या बांधाने चालत घरी पोचल्या. म्हातारबा म्हणाले, "बाई, पोराला कोर्टात उभं करू नगा. न्हाई शिकला तर न्हाई. आमच्यात कुनी चोर न्हाई झाला आजवर."

बाई म्हणाल्या, "म्हणूनच उभं करायचंय, बाबा. गप्प बसलो तर चोर हे नाव कागदावर राहील." त्यांच्या घरी भाकरी खाऊनच त्या उठल्या. कुठल्या फीच्या पुस्तकात हा प्रवास लिहिलेला असतो?

अपिलाचा अर्ज बाईंनी लिहिला. दोनच पाने. एका पानावर चौकशीतल्या त्रुटी: नोटीस नाही, म्हणणे ऐकले नाही, उत्तरपत्रिका दाखवल्या नाहीत. दुसऱ्या पानावर एक विनंती: या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पुस्तकातला कोणताही प्रश्न द्यावा. मला त्या विनंतीने झोप लागेना. ज्ञानोबा गोंधळला तर? बाईंना विचारले तर म्हणाल्या, "तर हरू. पण खरं तपासून घ्या असं म्हणायची ज्याची तयारी नाही, त्यानं अपील करू नये."

सुनावणीला बाई बाहेर बाकावर बसल्या. मला ताकीद होती, चार वाक्ये, पाचवे नाही. मी चार वाक्यांत सांगितले, की कांदा माझा, चूक माझी, हा माणूस मी सांगितलेले मागून म्हणत होता, आणि हे मी आधीच सांगायला हवे होते. पाचवे वाक्य ओठावर आले होते. बाई दाराबाहेर आहेत हे आठवले आणि गिळले.

अध्यक्षांनी श्रमविभागणीवरचा प्रश्न दिला. मी एका खोलीत, ज्ञानोबा दुसऱ्या. अर्ध्या तासाने त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोघांनीही निघोज्याच्या लग्नाची पंगत लिहिली होती: एक जण पत्रावळ मांडतो, एक भात वाढतो, एक आमटी, म्हणून पाचशे माणसे तासात उठतात. एका शब्दाचा फरक नाही.

"हीसुद्धा पुस्तकात नाही," अध्यक्ष म्हणाले.

"न्हाई साहेब," ज्ञानोबा म्हणाला. "पण पंगत बरोबर हाय. मी वाढलंय तिथं."

निर्णय रद्द झाला. कांद्याच्या उत्तराला मात्र दोघांनाही शून्य मिळाले, आणि ते योग्यच होते. पण या सगळ्याला आठ महिने लागले. तोवर कारकुनाची जागा दुसऱ्याने घेतली होती आणि ज्ञानोबाने आणखी दोन वर्षे भट्टीपुढे काढली. आम्ही आनंदाने पेढे घेऊन गेलो तेव्हा बाईंनी पेढा हातात धरला आणि म्हणाल्या, "हे आठ महिने कोण परत देणार?" ही अस्वस्थता त्यांच्यातून आजही गेलेली नाही. जिंकलेल्या खटल्यातले काय हरले, ते त्या मोजत बसतात. हरलेल्या खटल्याचा निकाल निरोप्याकडून पाठवत नाहीत. चिखलीच्या एका कामगाराची बडतर्फी कायम झाली तेव्हा पाळी सुटायच्या वेळी त्या स्वतः फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, त्याच्या साथीदारांचा संताप ऐकून घेतला आणि शेवटी म्हणाल्या, "माझा मुद्दा कमी पडला." असे म्हणणारे पुढारी मला दाखवा.

ज्ञानोबा आज टाइम ऑफिसात आहे. हा लेख मी त्याला आधी वाचून दाखवला. या खेपेला कांद्याचे बरोबर लिहिले आहे, असे त्याने सांगितल्यावरच छापायला दिला. बाई साठ वर्षांच्या झाल्या. कारखाने वाढताहेत, चौकशी समित्याही वाढताहेत, आणि आमच्यातले बोलणारे अजून नको तिथे बोलताहेत. तेव्हा वाचकहो, आमच्या जुन्या रीतीने शेवट करू. मी सांगतो, तुम्ही मागून म्हणा: बाईंना निरोगी शंभर वर्षे मिळोत, त्यांची नजर कागदावर अशीच राहो, आणि खोटे बोलणाऱ्या आपल्या माणसाला त्या असेच पकडत राहोत. या वाक्यात मी पदरचे काही घातलेले नाही. तपासून घ्या.