पंखाखालची खूण

मला शांत बाजाराची भीती वाटते. कोंबडीबाजारात रोज काहीतरी मरतच असतं. उन्हानं मरतं, गर्दीत चेंगरून मरतं, ट्रकमधून उतरवता उतरवता मान टाकतं. इथं महिनोन्‌महिने काहीच मेलेलं नाही असं जिथं मला सांगतात, तिथं एकतर देव राहतो, नाहीतर कोणीतरी मेलेलं उचलून नेतं. आणि देव कोंबडीबाजारात राहत असेल असं मला नोकरीच्या इतक्या वर्षांत कधी वाटलेलं नाही.

मी पशुवैद्य, पण गाईम्हशींना इंजेक्शन देणारी नव्हे. माझं काम मेलेल्या जनावरांशी आणि त्यांच्या मांसाशी. पुण्याहून बदली होऊन कोलकात्याला आले, नवऱ्यानंही बँकेतून इकडेच बदली मागून घेतली आणि आम्ही तिथल्या बेहाला भागात घर केलं. मी स्वतः मांस खात नाही. त्यात सोवळंओवळं काही नाही. दिवसभर ज्याचं पोट फाडून बघायचं, ते संध्याकाळी ताटात नको वाटतं. नवरा मात्र दर रविवारी पिशवी घेऊन निघतो आणि परत आल्यावर मला ऐकवतो, "माझ्यासमोर कापली. टुणटुणीत होती. आता तुझं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं एवढंच असतं, की विषाणूलाही जिवंत कोंबडीच लागते. पण जिवंत म्हणजे ताजं आणि ताजं म्हणजे चांगलं, ही या शहराची श्रद्धा आहे आणि श्रद्धेपुढे प्रयोगशाळेचं काही चालत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या जिभेवर एक लस शोधून काढ, जगावर उपकार होतील.

खिदिरपूरच्या बाजूच्या एका बाजारात आमचा एक पिंजरा होता. त्यात आमच्या पहारेकरी कोंबड्या असत. हे नाव आमचंच. कुठलीही लस न टोचलेल्या, धडधाकट कोंबड्या घ्यायच्या, प्रत्येकीच्या पायात नंबराचं प्लास्टिकचं कडं घालायचं आणि बाजाराच्या ऐन तोंडाशी, जिथं ट्रक उतरतात तिथं त्यांना ठेवून द्यायचं. रोग शहरात शिरला तर पहिल्यांदा त्यांना गाठणार. त्यांच्या रक्तात काही सापडलं किंवा त्यातली एखादी जरी मेली, तरी आम्ही समजायचं की पाहुणा आला. त्या विकायच्या नाहीत, खायच्या नाहीत. त्यांचं काम एकच, वेळेवर मरणं. हे मी अशा शब्दांत कधी कोणाला सांगितलं नाही, पण तेच खरं आहे.

पिंजरा ठेवायला जागा दिली ती तिथल्या एका तरुण दुकानदारानं. तो अर्धं हिंदी, अर्धं बंगाली बोलायचा आणि मला डाक्तार दीदी म्हणायचा. सरकारी कोंबड्या आपल्या दुकानात आहेत याचा त्याला कोण अभिमान. आपल्या कोंबड्यांना मूठभर दाणे टाकताना आमच्यांना दोन मुठी टाकायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "या दिल्लीच्या आहेत, हात लावायचा नाही." त्या दिल्लीच्या नव्हत्या, पण मीही कधी दुरुस्त केलं नाही.

त्याची बायको दुकानाच्या मागच्या अंगाला गरम पाण्याच्या पिंपाजवळ बसून पिसं काढायची. हात असा चालायचा की बघत राहावं. त्या पाण्यानं एकदा भाजून तिच्या डाव्या मनगटावर चांगली रुपयाएवढी पांढरी खूण राहिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, नवससायास थकल्यावर, तिला आता दिवस गेले होते. हे मला कळलं तेव्हा मी आधी तिच्या हातांकडे बघितलं. त्या बाजारात रोग आला, तर तो सगळ्यांत आधी तिच्या हातात येणार होता.

मी तिला सांगितलं, हे काम सोड. ती हसली. "मग पिसं कोण काढणार दीदी, तुम्ही?" मी हातमोजे आणून दिले, मास्क आणून दिले. मी जाईन त्या दिवशी ते तिच्या अंगावर असत. एरवी ते दोरीवर वाळत टाकलेले असत, हे मला एकदा न सांगता गेले तेव्हा दिसलं. मी चिडले, तिनं निमूटपणे ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला. मग मीही तिच्यापुरता माझ्या मनाशी एक हिशेब करून टाकला. पिंजरा जिवंत आहे तोवर ही सुरक्षित आहे. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू करून देईन असं मी तिला कबूल केलं होतं. डिंक म्हणजे झाडाचा गोंद, तो खायचा, याचं तिला फार हसू यायचं.

पिंजरा जिवंत होता. दर खेपेचा अहवाल स्वच्छ येत होता. थंडी पडली, शेजारच्या जिल्ह्यांतून कोंबड्या मरत असल्याच्या बातम्या कानावर यायला लागल्या, आणि आमचा बाजार आपला स्वच्छच. ऑफिसात साहेब खूश होते. मला बैठकीत बोलावून म्हणाले, असा बाजार इतरांना दाखवायला हवा. मी मान डोलावली. पण घरी आल्यावर मला जेवण जाईना. नवऱ्यानं विचारलं, "रिपोर्ट वाईट आला का?" म्हटलं, नाही, फार चांगला आला.

एरवी कोंबड्यांचं रक्त आमचा तंत्रज्ञ काढायचा. तो पाय धरून कड्यावरचा नंबर वाचायचा आणि सुई लावायचा. बाकी कोंबडीकडे बघण्याचं त्याला कारण नव्हतं. त्या दिवशी तो रजेवर होता म्हणून मी गेले. रक्त डाव्या पंखाखालच्या शिरेतून काढतात. पुन्हा पुन्हा सुई टोचली की तिथली कातडी हिरवट-काळी होते, बोटाला जाड लागते. मी पहिली कोंबडी घेतली, पंख उलटला, पिसं बाजूला केली.

कातडी कोरी होती. गुलाबी, मऊ, कधीच सुई न लागलेली.

कडं बघितलं. नंबर बरोबर होता. मी दुसरी घेतली. तीही कोरी. तिसरीच्या पंखाखाली खूण होती आणि ती खूण बघून मला, खोटं कशाला सांगू, जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं. पुढच्या पुन्हा कोऱ्या. सगळ्या मजेत दाणे टिपत होत्या. पिंजऱ्यात ज्या कोंबड्या होत्या त्या माझ्या नव्हत्या, आणि माझ्या कुठं होत्या ते मला विचारायचं होतं, पण विचारायची छाती होत नव्हती.

दुकानदाराला बोलावलं. त्याच्यापुढे पंख उलटून धरला. त्यानं एकदा पंखाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि लपवाछपवी काही केली नाही.

"मेल्या, दीदी," तो म्हणाला. "आधी कधीतरी एखादी मरायची. या थंडीत लागोपाठ मेल्या."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? तुम्ही विश्वासानं माझ्याकडे ठेवल्या होत्या. माझ्या हातून मेल्या. मी माझ्यातल्या चांगल्या चांगल्या निवडून घातल्या. फुकट. कडी तेवढी काढून यांच्या पायात घातली."

आणखीही एक कारण होतं आणि ते त्याला इतकं उघड वाटत होतं की त्यानं ते मी विचारल्यावरच सांगितलं. त्या बाजारात पहिल्या भवानीच्या आधी मेलेलं पाखरू गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू देत नाहीत. दिवस बुडतो म्हणतात. म्हणून पहाटे दुकान उघडायच्या आधी जो तो आपापले पिंजरे चाचपतो, मेलेलं पोत्यात घालतो आणि पोतं उचललं जातं. कोणाच्या किती मेल्या हे कोणी कोणाला विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं. म्हणजे सगळा बाजार महिनाभर पहाटे मेलेलं उचलत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच दुकानात चाललंय.

माझा तोल गेला. बाजार ऐकत होता, ऐकू दे म्हटलं. "मला जिवंत दाखवून काय उपयोग? त्या मरण्यासाठीच ठेवल्या होत्या. मेलेलं लपवायचं नाही. कितीही वाईट वाटलं तरी मेलेलं माझ्यापुढं आणायचं."

मी विचारलं, "मेलेल्या कुठं टाकल्या? त्या पोत्यात?"

इथं तो पहिल्यांदा दुखावला. "पोत्यात कसं टाकणार? तुमच्या होत्या त्या. पोती तळ्यावर जातात, माशांना खायला. मी घरी नेल्या. बायकोनं जुन्या साडीत गुंडाळून घरामागं पुरल्या. प्रत्येक वेळी तिनंच, स्वतःच्या हातानं."

पिंपाजवळची जागा रिकामी होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मोजे दोरीवर वाळत होते.

"ती कुठं आहे?"

"घरी. थोडा ताप आहे. या दिवसांत असतो ना?"

त्यानंतरचं सगळं फार वेगानं झालं, आणि मला ते तुकड्यातुकड्यांनी आठवतं. घरामागची जमीन उकरली तेव्हा वर आलेली फुलाफुलांची साडी आठवते. शेवटची कोंबडी अजून बरीचशी शाबूत होती. तिचा काळानिळा तुरा आठवतो. तो तुरा बघितल्यावर मला प्रयोगशाळेची गरज नव्हती, तरी नमुना बर्फात घालून पाठवला आणि उत्तर यायचं तेच आलं. बर्ड फ्लू. मग बाजार बंद झाला. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, पोती आली, चुना आला. एरवी कलकलाटानं कान किटायचे त्या गल्लीत नुसते पिंजरे उघडे पडले होते. जिवंत होत्या त्यांनाही मारावं लागलं. आमच्या पिंजऱ्यातल्या खूणवाल्या तिसरीलाही.

दुकानदाराच्या बायकोला तापाचं कळलं त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात हलवलं होतं, अगदी टोकाच्या, वेगळ्या खोलीत. तिच्या नवऱ्याला जिन्याच्या खालीच थांबवलं. तपासणीच्या पथकात होते म्हणून मला काचेपर्यंत जाता यायचं. रोज वरून खाली येऊन त्याला सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस सांगण्यासारखं होतं. ताप आहे, पण बोलते. पेज प्यायली. तुला जेवून घे म्हणाली.

एका सकाळी तो मला जिन्याशीच अडवून म्हणाला, "दीदी, वरचे लोक म्हणतात ती ठीक आहे. त्यांना कसं कळतं ती कोण आहे? त्यांनी तिच्या हातात पट्टा बांधलाय, नंबराचा. ते नंबर वाचून सांगतात." त्यानं स्वतःचं डावं मनगट धरून दाखवलं. "पट्टा बघू नका. मनगट बघा."

त्याला काय भीती वाटते ते मला लगेच कळलं, आणि तो वेड्यासारखं बोलतोय असं म्हणण्याचा हक्क निदान मला तरी नव्हता. मी वर गेले. काचेच्या आतल्या नर्सला खुणेनं सांगितलं, तिचा डावा हात उलटा करून दाखव. पट्टा वर सरकवला तेव्हा रुपयाएवढी पांढरी खूण दिसली. तीच होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, ओळखलं असावं. नर्स बाहेर आली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली की बाळाचे ठोके पहाटेपासून लागत नाहीत. डॉक्टर दोनदा बघून गेले.

जिना उतरायला मला वेळ लागला. काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. तीच आहे, शुद्धीवर आहे, एवढं सांगायचं. ते खोटं नव्हतं. बाकीचं डॉक्टर सांगतील, ते त्यांचं काम.

"तीच आहे," मी म्हटलं. "खूण बघितली मी. शुद्धीवर आहे."

त्यानं डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. माणसं मला फसवू शकत नाहीत अशी माझी घमेंड होती. मलाही लपवता येत नाही हे मला माहीत नव्हतं.

"आणि बाळ?"

"डॉक्टर खाली येतील," मी म्हटलं. "ते सांगतील."

"दीदी," तो म्हणाला, अगदी शांतपणे, "मेलेलं लपवायचं नाही. तुम्हीच म्हणाला होता."

मी त्याला सांगितलं.