यादीला डोकं कशाला?

आमच्या राहनाळच्या ऑफिसात कोड कमी आणि किस्से जास्त साठतात. कोड निदान डिलीट तरी होतो!

खाली गोडाऊन, वर आम्ही. टेम्पोंच्या ड्युट्या लावायचं सॉफ्टवेअर बनवतो. टीम लीड म्हात्रे सर. नोकरीला लागल्या लागल्या मी त्यांना म्हटलं, "सर, ड्रायव्हर्सचं कलेक्शन आहे ना, त्यालाच एक मेथड लावू, 'मोकळे' नावाची. रजेवरचे वगळून मोकळे ड्रायव्हर तीच सांगेल. कुठूनही विचारा, उत्तर एकच!"

सर म्हणाले, "यादी ती यादी. तिला डोकं कशाला?"

झालं! आता मोबाइल, बोर्ड, गेट, प्रत्येक स्क्रीनसाठी यादी चाळून मोकळे ड्रायव्हर शोधणारा तोच लूप नव्याने लिहा.

*

आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर सलीमभाई. एकदा मोबाइलवर त्यांची रजा, बोर्डवर ड्युटी. आणि गेटवाला स्क्रीन बघून म्हणतो, "चाचा, आप तो निकल चुके हो!" माणूस समोर उभा!

मी टीममधल्या जुनैदला धरलं. "बोर्डचा लूप कोणी लिहिला?"

"मीच. तुझाच कॉपी केला."

"मग रजा का बघत नाही?"

"ती ओळ लांब होती गं."

अरे काय माणसं आहेत!

*

सरांचं टेस्टिंग तर विचारूच नका. ड्रायव्हर्समध्ये स्वतःचंच नाव घातलं! "कॉलेजात टेम्पो चालवलाय मी, लायसन्स आहे अजून!" काढू म्हटलं तर, "टेस्ट डेटाला हात लावायचा न्हाय!"

मग काय, प्रत्येक लूपमध्ये 'म्हात्रे सोडून' अशी ओळ. संताप नुसता.

*

सलीमभाईंच्या मुलीचा निकाह शुक्रवारी. रजा मंजूर. आणि गुरुवारी संध्याकाळी बोर्डवर खारबावची ड्युटी!

सलीमभाई वर आले. "सर, उद्या पोरीचा निकाह हाय. रजा तुम्हीच दिलीत ना?"

सरांनी मानसुद्धा वर केली नाही. "सिस्टिम म्हणते ती ड्युटी. वाद नको."

सलीमभाईंचा चेहरा पार उतरला. माझं डोकंच फिरलं. कुणाला न विचारता कलेक्शनला मेथड लावली, सगळे लूप उडवले, 'म्हात्रे सोडून'च्या ओळीसकट. रजेवरचे वगळले. टेस्ट डेटाला मात्र हात लावला नाही. सरांची ऑर्डर!

बाकी सगळ्या ड्रायव्हरांना शुक्रवारच्या ड्युट्या आधीच लागल्या होत्या. बोर्ड बदलला. 'खारबाव, सकाळी सात. ड्रायव्हर : म्हात्रे.' सरांचा मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज वाचला, पुन्हा वाचला.

सलीमभाईंनी खिशातून टेम्पोची चावी काढून टेबलावर ठेवली.

"सिस्टिम म्हणते ती ड्युटी, सर. क्लच जरा टाइट हाय."