पोत्याला पाठ नसते

सुमनमावशी जीपचे शॉकअप पाठीनं तपासायची. पदर कमरेला खोचून मागच्या फळीवर उताणी निजायची आणि म्हणायची, "चालव."

जीप आमच्या खुर्सीपार वस्तीतल्या मजूर संघटनेची. खाणीकडच्या गावांतली आजारी माणसं इस्पितळात आणायला घेतलेली. सरकारी अँब्युलन्स डांबर संपलं की थांबते. पुढे रस्ता नाही म्हणे. माणसं आहेत, मतदार आहेत, रस्ता तेवढा नाही. मी यावर पत्रकांमागून पत्रकं लिहिली. मावशी रोग्याजवळ बसून येत राहिली.

जुने शॉकअप गेले तेव्हा आम्ही पावर हाउस भागातल्या बाजारातून सगळ्यात कडक जोडी आणली. शर्यतीच्या रॅलीतल्या गाड्यांची, जीप उंच करणारी. मागे तांदळाची पोती टाकून चालवून पाहिली. झकास. मावशी पोत्यांकडे बघत म्हणाली, "पोत्याले पाठ असते काय रे?"

तिच्या नवऱ्याचा कणा ठेकेदाराच्या खाणीत मोडला होता. त्याला कच्च्या वाटेनं ट्रकमधून आणलं. खड्ड्या-खड्ड्याला ओरडणारा माणूस डांबर लागायच्या आधीच गप्प झाला. हे तिनं एकदाच सांगितलं.

मग ती स्वतः दुकानात गेली. बसवून द्या, निजून पाहते, मग ठरवते. दुकानदार हसला, "अम्मा, लोग तो खड़े-खड़े देखते हैं."

"आमचं गिऱ्हाईक निजूनच येते, भाऊ."

त्याचं हसू गेलं. दोन जोड्या तिनं परत केल्या. तिसरी ठेवली: बारक्या खड्ड्यात मऊ, मोठ्या दणक्याला घट्ट. जीप बोटभरही उंच झाली नाही. आमची पोरं हिरमुसली.

गेल्या उन्हाळ्यात खाणीकडच्याच एका गावात मावशीच्या छातीत कळ आली. अँब्युलन्सवाला फोनवर म्हणाला, मेन रोडपर्यंत आणा. मी तिला फळीवर निजवलं आणि जीप काढली. नाल्याच्या उतारावर मागून आवाज आला.

"मागचा उजवा गेला रे. बदलून घे."

"मावशी, बोलू नको."

"कावून? उद्या दुसरं कोणी निजन इथं."

डांबर लागलं. मी वळून म्हणालो, मावशी, रस्ता आला. तिची छाती हलत नव्हती.

शॉकअप बदलला. सोबत्याला स्टिअरिंगवर बसवून मी फळीवर उताणा निजलो. तो वाट बघत होता. मला 'चालव' म्हणता येईना.