कंपोस्टातला साप आणि सोफ्यावरचा मी

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळींत शशिधर म्हणजे अंधश्रद्धेवर घसरणारा माणूस. मी तोंड उघडलं की लोक घाईघाईने जेवणाची ताटं वाढायला घेतात. पण घरात खरं संकट आलं की हाच वक्ता सोफ्यावर आडवा होऊन झोपल्याचं सोंग घेतो. वाईट बातमीचे फोन बायको घेते. मी घोरतो.

यंदा नागपंचमीलाच ग्लासगोत तिच्या भावाची, नकुलची, बायपास होती. मनीषाचा भावासाठी कडक उपवास. सकाळीच तिनं बजावलं, "अहो, आज चिरायचं नाही, खणायचं नाही. गार्डनमध्ये तर अजिबात नको, प्लीज."

"कंपोस्ट उलथणं म्हणजे खणणं नव्हे," असं म्हणून मी माती उलथायचा फोर्क घेऊन निघालो. फोनजवळ बसवत नव्हतं, हे काही मी बोललो नाही.

पहिल्याच घावाला ढिगातून साप बाहेर आला. हिरवट, मानेवर पिवळा पट्टा. एकदा फुसकारला आणि उताणा पडला. तोंड वासलेलं, जीभ लोंबती, वर अशी दुर्गंधी की मरून आठवडा झाला असावा. फोर्क लागला होता का? आठवेना. तिकडे नकुल टेबलावर, इकडे बहीण उपाशी, आणि तिच्या नवऱ्यानं आजच साप मारला! माझी सगळी व्याख्यानं घशाखाली गेली.

मनीषाला कळायच्या आत अग्नी देऊन टाकावा म्हणून शेडमधला डिस्पोजेबल बार्बेक्यू, म्हणजे एकदाच पेटवायच्या कोळशाचा ट्रे, काढला. किचनमधून तूप चोरलं. मंत्र मात्र एकही येईना, म्हणून मँचेस्टरला मुलीला व्हिडिओ कॉल लावला. शाल्मली तिथे शाळेत सायन्स शिकवते.

"बाबा, मंत्र कशाला? कॅमेरा तिकडे करा. ओ माय गॉड, डोन्ट टच! ग्रास स्नेक आहे, विषारी नाही. घाबरला की मेल्याचं ॲक्टिंग करतो. उचलू नका, ढोसू नका, सरळ पण करू नका. मागे या, त्याला जायला जागा ठेवा आणि घरात जा. आणि तो हीप खणू नका हां, समरमध्ये त्यात त्यांची अंडी असतात." मग थांबून म्हणाली, "बाबा, बार्बेक्यू का काढलाय?"

मी कॉल कट केला.

मनीषा किचनच्या खिडकीत केव्हाची उभी होती. मीही गुपचूप शेजारी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने सापानं मान उचलली, इकडेतिकडे पाहिलं, वळला आणि कुंपणाखालून निघून गेला. मला हुंदकाच आला. मनीषानं हात जोडले. माझे आधीच जोडलेले होते.

दुपारी फोन वाजला, तेव्हा मी सोफ्यावर होतो. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"हो वहिनी... हो... बरं." मग फोन ठेवल्याचा आवाज आला. पावलं सोफ्यापाशी आली, थांबली. तिनं मला हलवलं नाही, हाक मारली नाही. दोन पावलं मागे सरकली आणि नुसती उभी राहिली. शेवटी मी एक डोळा उघडला.

ती रडत होती आणि हसतही होती.

"झालं ऑपरेशन. बरा आहे नकुल," ती म्हणाली. "आता उठा. इतकी वर्षं फोन मी एकटीनं घेतले. आज निदान रडायला तरी या."