पुसला गेलेला शिक्का

खुर्चीवर बसायच्या आधी बाई पिशवीतून गॅरंटीचं कार्ड काढायच्या, पदरानं दोन्ही बाजूंनी नीट पुसायच्या आणि माझ्या टेबलावर ठेवायच्या. मग म्हणायच्या, "लेखी आहे ना, सर."

चिकलठाण्यात छतांचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारी घेतो. घेतो म्हणजे काय, ऐकून घेतो. घर गळायला लागलं की माणूस कसा बोलतो, ते तुम्हीही ऐकलं असेल. शिव्या, धमक्या, "ग्राहक मंचात खेचतो." बाई मात्र दारातूनच विचारायच्या, "जय भीम, सर. जेवलात का?"

त्यांची सगळी नोकरी पाचोडच्या शाळेत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथं दोन खोल्या बांधल्या. आमच्या ऑफिसातल्या सूचनेतल्या दोन चुका त्यांनी पहिल्याच भेटीत लाल पेनानं सुधारल्या. साहेब चिडले, मी तोंड वळवून हसलो.

कार्ड त्यांनी लॅमिनेट करून घेतलं होतं. "आमच्या लोकांना तोंडी आश्वासनं लई मिळाली, सर. म्हणून मी लेखी घेते, अन् जपून ठेवते."

गॅरंटी दहा वर्षांची. अट एकच: दरवर्षी पावसाळ्याआधी आमचा माणूस छत तपासणार आणि कार्डाच्या मागं शिक्का मारणार. त्यानं पहिली दोन्ही वर्षं शिक्का मारला, पण तो प्लॅस्टिकवर. आणि बाईंनी आपल्या सवयीनं कार्ड पुसलं.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर अवकाळी आला आणि छत गळायला लागलं. खाली त्यांचे मिस्टर, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. "पलंग चौथ्या कोपऱ्यात नेलाय, सर. पाचवा कोपरा नाय खोलीला."

साहेबांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "शिक्का कुठाय? अट मोडली, गॅरंटी संपली."

"अहो, तुमचाच माणूस मारून गेला की! मी चहा पाजला त्याला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या पाठीमागच्या कपाटात तपासणीची वही होती. प्रत्येक भेटीची नोंद, खाली घरमालकाची सही. हे मला ठाऊक होतं, साहेबांनाही. मी म्हणालो, "कार्डावर नसेल तर काही करता येत नाही, बाई."

किती सहज बोललो! जीभ कशी झडली नाही माझी?

तरीही त्या दर सोमवारी येत राहिल्या. कार्ड काढायचं, पुसायचं, ठेवायचं. शेवटच्या खेपेला मात्र जेवणाचं विचारलं नाही. "सर, गिलाव्याचे पोपडे पडायला लागलेत. आतल्या सळया दिसतात. ह्यांच्या अंगावर पडलं तर ह्यांना ओरडता पण येणार नाय हो." मी मान हलवली. नोकरी गेली तर घरी काय सांगू, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. भित्रा होतो मी, दुसरं काय!

नंतरचे दोन सोमवार बाई आल्या नाहीत. मला राहवेना, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं.

शेजारीण बाहेर आली. "बाई पलंग ओढत होत्या. मिस्टरांना बाजूला घेतलं, अन् वरचा गिलावा बाईंच्याच डोक्यात पडला. दवाखान्यात न्यायच्या आत गेल्या बिचाऱ्या. मिस्टरांना त्यांच्या भावानं देवगाव रंगारीला नेलं."

तिथून मी सरळ ऑफिसात आलो, कपाट उघडलं आणि वही काढली. बाईंचं पान शोधावं लागलं नाही, फळ्यावर लिहावं तसं ठळक, गोल अक्षर. बाकीचे लोक नुसती सही करतात. बाईंनी दोन्ही वर्षं सहीखाली लाल पेनानं शेरा दिला होता: "माणूस वेळेवर आला. काम प्रामाणिक."