नदीकाठचे तंबू आणि दुसऱ्यांदा येणारा माणूस

घोडा, तंबू आणि सुट्टीवरचा नोकरदार या तीन गोष्टी एका जागी आणल्या, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सणाच्या दिवशी ओट्यावर भांडी साठतात तसे ते साठत जातात. एक घासून ठेवावं, तर मागे चार तयार!

परदेशात मी शिकायला होते त्या गावाबाहेर नदीकाठी एक सरकारी पार्क होतं. कुणीही यावं, तंबू ठोकावा, घोड्यावर बसून काठाकाठाने हिंडावं. तिथला गेटवरचा माणूससुद्धा नदीबद्दल असा बोलायचा, की ती जणू त्याची सख्खी आत्या! तिथे पहिल्यांदा घोड्यावर बसले आणि त्याच दिवशी ठरवलं, की हे आपल्याकडे व्हायलाच हवं. चाकणमध्ये आठ-आठ तास मशीनसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला नदी दिसायला नको? पदवी घेतली, विमानात बसले आणि पिंपळे सौदागरच्या घरी बॅगा टाकून थेट राजगुरुनगरजवळ नानांच्या ओसरीवर हजर झाले.

नाना म्हणजे माझे थोरले काका. भीमेच्या अगदी काठावर त्यांची जमीन आहे. तिथे तंबू लावायचे, घोडे ठेवायचे, असा माझा बेत. नानांनी माझं सगळं भाषण शांतपणे ऐकलं.

"म्हंजी लोक आपलं घर सोडून हितं भुईवर झोपायला येणार?"

"हो नाना!"

"आपल्या मनानं?"

"हो!"

"आन् वरनं आपल्यालाच पैसं देणार?"

"हो!"

नाना काकूंकडे वळले. "हिला शिकायला धाडली तवाच म्या म्हनलं व्हतं, लई लांब हाय म्हून!"

* * *

पण खरी अडचण वेगळीच होती. चाकणच्या एका शेठना तीच जमीन गोडाऊनसाठी हवी होती. नाना जवळजवळ हो म्हणूनच बसले होते. मी नदीचं सौंदर्य सांगितलं, पक्ष्यांचं सांगितलं, माणसाच्या मनाला मोकळ्या आभाळाची किती गरज असते तेही सांगितलं. नाना कान कोरत होते.

शेवटी म्हणाले, "मुक्ते, होळीपातूर करून बघ. पर माझी अट हाय. एकदा कुनीबी येतंय. नवीन हाटेल निघालं की मानूस एकदा जातोच. आलेला मानूस दुसऱ्यांदा आला पायजे, फकस्त मज्जा वाटली म्हून. असा एक जरी आला, तर शेठला न्हाई म्हनून सांगतो."

"आणि नाही आला तर?"

"तर गोडाऊन!"

मला हसूच आलं. एक माणूस? अहो, रांगा लागतील रांगा!

* * *

पहिली गिऱ्हाइकं आणली कांबळे साहेबांनी. साहेब रहाटणीला आमच्या ओळखीतले, चाकणच्या एका कंपनीत सेफ्टीचं काम बघतात. आल्या आल्या "जय भीम, नाना!" म्हणाले आणि पुढच्या पाच मिनिटांत नानांशी अशी गट्टी जमली, की मी बाजूलाच राहिले.

त्यांच्यासोबत कंपनीतले दहा-बारा जण होते. नाइट शिफ्ट संपवून परस्पर आलेले. मी नदीकडे हात करून बोलायला सुरुवात केली. "मित्रांनो, या काठावर तुम्ही फक्त पाहुणे नाही..."

"मॅडम, तंबू कुठला घ्यायचा?" एकाने विचारलं.

मी तंबू दाखवले. सगळे आत गेले. चेन ओढल्या. पुढच्या मिनिटाला घोरणं सुरू!

दुपार झाली. जेवणाचं पिठलं गार झालं. बादल नावाचा आमचा पांढराशुभ्र घोडा खोगीर घालून ताटकळत उभा होता. सूर्य मावळायला टेकला तेव्हा एकेक जण डोळे चोळत बाहेर आला, नदीकडे पाठ करून चहा प्यायला आणि बसमध्ये चढला.

जाताना एकाने माझा हात हातात घेऊन सांगितलं, "मॅडम, जागा एक नंबर! घरी पोरं, कुकर, वरच्या मजल्यावरचा ड्रिल... वर्षभरात अशी झोप लागली नव्हती राव!"

मी आशेने विचारलं, "मग परत येणार ना?"

"आलो असतो हो. पण आता फर्स्ट शिफ्ट लागली. दिवसा झोपायची गरजच नाही!"

नाना मागून म्हणाले, "एवढ्यासाठी नदी कशाला पायजे? माझ्या गोठ्यात झोपले असते."

* * *

कांबळे साहेबांची सेफ्टी हा एक स्वतंत्र विषय. कंपनीत काम सुरू करण्याआधी सगळ्यांना गोळा करून सूचना द्यायची त्यांची सवय. ती त्यांनी आमच्याकडेही लागू केली. घोड्यावर बसणाऱ्याला कंपनीचं पिवळं हेल्मेट सक्तीचं. घोड्याच्या मागे दोरी लावून फलक: "पाच फूट अंतर ठेवा." बादल चंदी खायला लागला, की त्याच्या गळ्यात पाटी: "देखभाल चालू आहे. वापरू नये."

एकदा त्यांनी घोडे सांभाळणाऱ्या मारुतीभाऊंची उलटतपासणी घेतली.

"मारुतीभाऊ, समजा घोडा अचानक पळाला. इमर्जन्सी स्टॉप काय आहे?"

"न्हाई."

"न्हाई कसं? प्रत्येक मशीनला असतो."

"असंल बी, साहेब. पर बटन त्याच्याकडं हाय."

साहेब प्रत्येक रविवारी यायचे. मी नानांना म्हटलं, "बघा, आले की नाही दुसऱ्यांदा? चौथ्यांदा आलेत!"

"ते व्हय? ते तर घरचे झाले. घरचा मानूस धरायचा न्हाई."

आणि स्वतः कांबळे साहेबच मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम!"

* * *

आता या बादलचा पूर्वेतिहास सांगायला हवा. आमच्याकडे येण्याआधी तो वरातीत होता. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं: नवरदेव पाठीवर घ्यायचा, थोडं चालायचं, थांबायचं, समोर लोक नाचले की पुढचं पाऊल टाकायचं. आम्हाला हे ठाऊक होतं. पण नदीकाठची हवा लागली की विसरेल, असा माझा ठाम विश्वास होता.

एका शनिवारी पिंपळे सौदागरहून आयटीतली एक टीम आली. त्यांचे टीम लीड मोठ्या रुबाबात बादलवर बसले. बादल थोडा चालला. थांबला.

मारुतीभाऊंनी चुचकारलं. ढिम्म! टीम लीडनी पाय आपटले. ढिम्म!

"नाचावं लागंल," मारुतीभाऊ म्हणाले.

"कुणी?"

"समद्यांनी."

मग काय! एकाने मोबाइलवर बँडचं गाणं लावलं, बाकीचे लाजत लाजत हात हलवायला लागले. बादलने चार पावलं टाकली. परत थांबला. लाज गेली. पाचव्या थांब्याला तर एकजण रुमाल दातात धरून नागीण करत होता! वर बसलेले साहेब ओरडत होते, "अरे, जोरात नाचा रे! ऊन लागतंय मला!"

शेवटी बादल आमच्या मोठ्या तंबूच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आता काही केल्या तो साहेबांना उतरू देईना. कुणी जवळ आलं की बाजूला सरकायचा. काकू स्वयंपाक सोडून बाहेर आल्या, त्यांनी एकदा घोड्याकडे बघितलं आणि आत जाऊन ओवाळणीचं ताट घेऊन आल्या. साहेबांना कुंकू लावलं, ओवाळलं. बादल एकदम शांत! साहेब उतरले.

त्यांची बायको हे सगळं शूट करत होती. फोन खाली न करताच म्हणाली, "आमच्या लग्नात हा रिक्षातून आला होता. आज बघा, थाट बघा!"

त्या टीमने परत यायचं कबूल केलं होतं. नंतर कळलं, त्या व्हिडिओनंतर साहेबांनी टीमच बदलून घेतली.

* * *

होळी जवळ येत चालली आणि माझी झोप उडाली. माणसं येत होती, खूश होऊन जात होती, पण परत कुणी येत नव्हतं. नानांच्या ओसरीपुढे शेठची, म्हणजे गावाच्या भाषेत 'गोडाऊन'ची, गाडी मात्र दर आठवड्याला दिसायची. तिचं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणं नाना बरोबर धरत होते!

अशात रहाटणीचं एक कुटुंब आलं. त्या घरच्या काकूंना मी फोनवर बजावून सांगितलं होतं, "काकू, कॅम्पिंग आहे. कमीत कमी सामान आणा. निसर्गात हलकं होऊन यायचं!"

ते टेम्पो घेऊन आले. गॅस, शेगडी, कुकर, पाट, दोन गाद्या आणि मिक्सर. मिक्सर हातात घेऊनच काकू तंबूभोवती फिरत होत्या.

"अगं, प्लग कुठेय?"

"काकू, इथे वीज नाही. मुद्दामच नाही! थोड्या वेळाने चांदण्या बघा कशा दिसतात."

"दिसतील गं बाई. पण चटणी वाटायची कशी?"

शेवटी नानांच्या घरचा पाटा काढला. चटणी झाली, भाकरी झाल्या, अख्खं कुटुंब नदीत पाय सोडून जेवलं. काकूंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "सुख आहे गं इथे." मला भरून आलं.

आणि ऐका! दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर त्याच काकू, स्कूटीवर, मुलाच्या मागे बसून! मी धावत नानांना ओढून आणलं. "नाना, आल्या! दुसऱ्यांदा! आपल्या मनाने!"

नानांनी विचारलं, "काय वैनी, करमलं न्हाई व्हय?"

"तसं नाही हो," काकू तंबूत शिरत म्हणाल्या, "कुकरची शिट्टी राहिली इथे!"

* * *

होळीच्या आधीचा रविवार. एकही बुकिंग नाही. आणि शेठ आले ते सरळ मोजणीची माणसं घेऊनच. पांढरे कपडे, पांढरे बूट, दोन्ही हातांत दोन फोन. एकावर ते बोलायचे, दुसऱ्यावर ऐकायचे.

"नाना, एकदा हद्द फिरून बघतो. टोकापर्यंत."

पण काठावर चिखल. गाडी जाईना, पांढरे बूट तर त्याहून जाईनात.

"घोडीवर बसा की," नाना म्हणाले.

आमच्याकडे तेव्हा नुकतीच राणी आली होती. वयस्कर, डोळे अर्धे मिटलेली, गोगलगायीसारखी चालणारी. आधी ती बैलगाड्याच्या शर्यतीतली होती. आमच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळते आणि तिच्या मागे बैल जीव खाऊन धावतात. खाली निशाण पडलं, की थेट वरच्या टोकापर्यंत घोडी थांबत नाही. मारुतीभाऊंनी ती आणली तेव्हाच सांगितलं होतं, "लई गरीब हाय. निशाण तेवढं दाखवू नका." नदीकाठी निशाण कोण दाखवणार?

कांबळे साहेबांनी शेठना पिवळं हेल्मेट घातलं, पट्टा ओढून बघितला, सूचना दिल्या. मी लगाम हातात दिला. माझी नदी मोजायला मीच त्यांना घोड्यावर बसवत होते! राणी डुलत डुलत निघाली.

तेवढ्यात लांब टोकाला उभ्या असलेल्या मोजणीच्या माणसाने जागा दाखवायला लाल निशाणाची काठी उंच केली आणि खाली घेतली.

राणीचे डोळे उघडले.

त्यानंतर शेठ आम्हाला फक्त पाठीमागूनच दिसले. हरभऱ्याच्या रानातून, बांधावरून, चढावरून! एक फोन हवेत, एक फोन चिखलात, दोन्ही हात घोडीच्या मानेभोवती. कांबळे साहेब मागे धावत होते. "शेठ, टाचा खाली! टाचा खाली!"

वर देवळापाशी यात्रेसाठी माइकची टेस्टिंग चालली होती. माइकवरच्या माणसाने धुरळा बघितला आणि सवयीने सुरू झाला. आवाज खाली नदीपर्यंत आला:

"आली, आली, आली! काय पळतीया! कुनाची घोडी? आपल्या नानांची घोडी! वर कोन बसलंय? अरं, वर कोन बसलंय... गोडाऊन! गोडाऊन बसलंय वर! वाजवा टाळ्या!"

आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा राणी देवळासमोर डोळे मिटून उभी होती. शेठ अजून पाठीवरच होते. गावाने त्यांच्यावर भंडारा उधळला होता. हेल्मेटपासून बुटापर्यंत माणूस पिवळाधमक! कुणीतरी त्यांच्या गळ्यात हारही घातला होता.

"शेठ, लागलं का?" नानांनी विचारलं.

शेठ उतरले. गाडीत बसले. चिखलातून काढून दिलेला फोन वाजत होता, तोही त्यांनी उचलला नाही. गाडी गेली.

"आता केस टाकतंय बघ," नाना म्हणाले. होळीच्या दिवशी सकाळपासून मी तंबू उतरवायला लागले. खुंट्या काढताना नदीकडे बघायचं नाही, एवढं ठरवून टाकलं होतं. नाना ओसरीवर बसून बघत होते.

दुपारी शेठची गाडी आली.

शेठ उतरले. पांढरे कपडे नव्हते. जुनी पँट, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, पायांत कॅनव्हासचे बूट. हातात एकही फोन नाही.

नाना उठले. "या शेठ. मोजणी अर्धी राहिली व्हती, न्हवं? टेप आणला का?"

"टेप राहू द्या, नाना." शेठ माझ्याकडे बघून जरा लाजले. "राणी मोकळी हाय का?"

शेठनी गाडीचं मागचं दार उघडलं.

"निशाणवाला संगं आणलाय!"